आजचा लीडर

१९२४ च्या उन्हाळ्यात पॉल पेट्झोल्ट नावाचा सोळा वर्षांचा मुलगा एका मित्राला बरोबर घेऊन अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले ग्रँड टीटन हे पावणेचौदा हजार फुटी शिखर चढायला निघाला. पायात गुराखी घालतात तसले बूट आणि अंगात रोजचे साधे कपडे. पहिल्या खेपेला वादळाने गाठले, रात्र उघड्या कड्यावर कुडकुडत काढावी लागली आणि दोघे कसेबसे जीव वाचवून खाली आले. मग पुन्हा चढून त्यांनी शिखर गाठलेच. डोंगरवेड्यांच्या बैठकीत हा किस्सा धाडसाचा म्हणून रंगतो. पण पेट्झोल्ट यांनी पुढच्या आयुष्यात जे उभे केले ते पाहिले, तर त्यांनी त्या रात्रीचा अर्थ वेगळा लावला होता हे कळते. १९३८ मध्ये के-टू शिखराच्या मोहिमेवर गेलेल्या अमेरिकी तुकडीत ते होते, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी डोंगरी सैन्याबरोबर काम केले आणि १९६५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, लँडर या छोट्या गावात ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ काढले. आज ते ‘नोल्स’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. मुलांना धाडसी बनवणे हा या शाळेचा हेतू नव्हता; धाडस त्या वयात पुरेसे असतेच. रानात दुसऱ्यांना घेऊन जाता येईल इतकी समज असलेली माणसे तयार करायची होती.

आपल्याकडे एप्रिल उजाडला की ‘नेतृत्वगुण रुजवणारे निवासी शिबिर’ अशा जाहिराती येऊ लागतात. चार रात्री, पाच दिवस, रॅपलिंग, नदी ओलांडणे, शेकोटी, प्रमाणपत्र. मुले आनंदाने जातात, उन्हाने काळवंडून परततात आणि त्यात काही वाईट नाही. पण त्या पाच दिवसांत कधी उठायचे, कुठून जायचे, कोणी आधी चढायचे, पाऊस आला तर काय करायचे यातले काहीही मुलांनी ठरवलेले नसते. दोराला लटकताना पोटात गोळा येतो, पण दोर कोणी बांधला, नीट बांधला आहे ना, हे पाहणारा दुसराच असतो. भीतीवर मात करणे आणि नेतृत्व करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मला असे म्हणायचे आहे की रान स्वतः कोणालाच नेतृत्व शिकवत नाही. खरा निर्णय मुलांच्या हाती सोपवणे, त्याचा परिणाम त्यांच्या वाट्याला येऊ देणे आणि तोच निर्णय पुन्हा घ्यायला वेळ देणे, यातून ते येते. रानाचा उपयोग इतकाच की तिथे हे सोपवणे खोटे करता येत नाही. वर्गाच्या मॉनिटरला दिलेला अधिकार शिक्षक दारातून आत आले की संपतो. रानात चुकलेल्या वाटेचा परिणाम मोठ्या माणसांच्या मर्जीवर अवलंबून नसतो.

या विचाराची दुसरी शाखा ब्रिटनमधली आहे. कुर्ट हान हे बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू शिक्षक. हिटलरला उघड विरोध केल्याने १९३३ मध्ये त्यांना अटक झाली, सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. युद्धात व्यापारी जहाजे बुडू लागली तेव्हा ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांचे म्हणणे होते की लाइफबोटीत तरुण खलाशी लवकर हार मानतात, त्यामानाने शिडाच्या जहाजांवर घडलेले जुने खलाशी टिकतात. हान आणि होल्ट यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अॅबरडोव्ही येथे महिनाभराचे अभ्यासक्रम सुरू केले. तीच ‘आउटवर्ड बाउंड’. ती कल्पना १९६२ मध्ये अमेरिकेत कोलोराडोला पोहोचली आणि पेट्झोल्ट तिथे मुख्य प्रशिक्षकांपैकी एक होते. तिथेच त्यांना एक उणीव दिसली: मुलांना कस लागेल असे अनुभव द्यायला सगळे उत्सुक, पण मुलांना सुखरूप नेऊन आणतील असे शिकलेले प्रशिक्षक मात्र मोजके. हान यांचा भर चारित्र्यावर होता, पेट्झोल्ट यांचा कौशल्य आणि समजुतीवर. हा फरक बारीक वाटतो, पण पुढचा सगळा वाद त्याच्यावर उभा आहे.

लँडरच्या पश्चिमेला विंड रिव्हर ही पर्वतरांग आहे. तिचे आणि सबंध वायोमिंगचे सर्वोच्च शिखर गॅनेट, १३,८०४ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी विजांची वादळे होतात, म्हणून उंच खिंड दुपार व्हायच्या आत ओलांडून झाडांच्या पट्ट्यात उतरायचे असते. नोल्सच्या महिनाभराच्या मोहिमेत मुले तीन-चारांच्या गटाने एका तंबूत राहतात आणि आपला स्वयंपाक आपण करतात. शिधा तोलून मिळतो, माणशी दिवसाला पाऊण ते एक किलो: पीठ, चीज, ओट, डाळी, सुकामेवा. नवा शिधा ठरलेल्या दिवशीच येणार. त्याआधी पीठ संपले तर शेजारच्या तंबूपुढे जाऊन मागावे लागते, आणि शेजारच्यांनीही हात राखूनच खाल्लेले असते. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा लीडर नेमला जातो, आज हा, उद्या ती. त्याने नकाशा पसरून मार्ग आखायचा, ओढे कुठे ओलांडायचे ते पाहायचे, परत फिरायची वेळ ठरवायची आणि चालीचा अंदाज लिहून प्रशिक्षकांना दाखवायचा. अंदाजासाठी पेट्झोल्ट यांनी घालून दिलेली रीत सोपी आहे: दर हजार फूट चढाला सपाटीवरच्या दोन मैलांइतकी मेहनत लागते असे धरायचे. म्हणजे नकाशावर पाच मैल आणि दोन हजार फूट चढ असेल, तर पायांच्या हिशोबाने ते नऊ मैल. सतरा वर्षांच्या लीडरने ही बेरीज केली नाही, तर मुक्कामाला पोहोचेपर्यंत काळोख पडतो, ओल्या जमिनीवर तंबू लागतो आणि जेवायला दहा वाजतात. त्याला कोणी रागावत नाही. रागवायचे कारणच उरत नाही.

त्यानंतरचा अर्धा तास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या शिबिरांत तोच नसतो. जेवण झाल्यावर सगळे बसतात आणि दिवसाच्या लीडरचे काय जमले, काय हुकले यावर बोलतात. ‘तू छान लीडर आहेस’ असे मोघम बोलणे चालत नाही. ‘दुपारी मागचे दोघे दमले होते, तू मागे वळून पाहिले नाहीस’ असे नेमके सांगावे लागते आणि ऐकून घ्यावे लागते. या शाळेच्या शिकवणीत नेतृत्वाच्या चार भूमिका मानल्या जातात. नेमलेला लीडर ही त्यांतली एक. बाकी तीन म्हणजे लीडरला डोळसपणे साथ देणारा सहकारी, बरोबरीच्या नात्याने आपसूक पुढे होणारा, आणि स्वतःला सांभाळणारा. महिन्यातले दोन-तीन दिवस एखादा मुलगा लीडर असतो आणि उरलेले सगळे दिवस दुसऱ्याच्या हाताखाली असतो. तो काळही शिकण्याचाच धरला आहे. आपल्याकडे नेतृत्व म्हटले की व्यासपीठावरचा माणूस डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हा भाग पचायला जड जाईल. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आपल्या अंतराळवीरांना याच शाळेबरोबर रानात पाठवते. वैमानिक म्हणून किंवा शास्त्रज्ञ म्हणून ते तयारच असतात. चार माणसांत कोंडून महिनोन्‌महिने नीट वागता यावे, यासाठी ते जातात.

मोहीम संपत आली की प्रशिक्षक बाजूला होतात. आधी ते गटाच्या मागून चालतात, मग वेगळ्या वाटेने जाऊन संध्याकाळी भेटतात, आणि शेवटी मुले योग्य ठरली तर त्यांना काही दिवस पूर्णपणे आपापले जाऊ देतात. विहिरीत पोहायला शिकवणारा माणूस पाठीवरचा डबा ज्या दिवशी सोडतो, तसा हा टप्पा. लवकर सोडला तर मूल बुडते, कधीच सोडला नाही तर ते पोहणे नव्हे. ब्रिटनच्या ‘ड्यूक ऑफ एडिनबरा अॅवॉर्ड’मध्ये १९५६ पासून हेच तत्त्व आहे: सुवर्ण पातळीवर चार ते सात जणांच्या गटाने चार दिवस, तीन रात्री स्वतःच्या बळावर जायचे, देखरेख असते, पण दुरून.

पुरावा काय, असे कोणीही विचारेल. जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा साहसी अभ्यासक्रमांवरच्या ९६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत बारा हजारांहून अधिक माणसे होती. मोहीम संपताना आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, नेतृत्व अशा गोष्टींत झालेली वाढ मध्यम होती. आकड्यात सांगायचे तर ०.३४, म्हणजे शंभरांच्या रांगेत मध्यावर उभा असलेला मुलगा साधारण त्रेसष्टाव्या जागी सरकतो. डोळे दिपावेत असे यात काही नाही. लक्ष वेधते ते पुढचे: काही काळाने पुन्हा मोजल्यावर त्यात ०.१७ ची आणखी भर पडलेली दिसली. शिक्षणातले बहुतेक उपक्रम संपले की ओसरतात, हा वाढला. शिवाय लांब मोहिमांचा परिणाम आखूड मोहिमांपेक्षा जास्त होता आणि मोठ्या वयाच्यांना अधिक लाभ झाला. नोल्सच्या विद्यार्थ्यांवर जिम सिब्थॉर्प आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपल्याला खरोखर निर्णय घेऊ दिले असे ज्यांना वाटले त्यांची प्रगती जास्त दिसली. माझे म्हणणे ज्यावर उभे आहे तो धागा हाच.

पण हे आकडे भोळेपणाने घेऊ नयेत. बहुतेक अभ्यासांत मुलांनीच स्वतःबद्दल प्रश्नावली भरलेली असते, आणि महिनाभर डोंगरात राहून आलेला अठरा वर्षांचा मुलगा स्वतःबद्दल उत्तमच लिहिणार. त्याच्याशी तुलना करायला न गेलेल्या मुलांचा गटही दर वेळी नसतो. जाणारी मुले मुळातच उत्साही, त्यांचे पालक मुळातच जागरूक. काही काळाने पुन्हा प्रश्नावली भरून पाठवणारेही बहुधा ज्यांना मजा आली तेच. याच्या उलट दिशेने ओढणारी गोष्टही आहे: पुष्कळ मुले सुरुवातीला स्वतःला भरपूर गुण देऊन बसतात आणि शेवटी म्हणतात, तेव्हा मला काहीच कळत नव्हते. अशा मुलांची खरी प्रगती साध्या वजाबाकीत लपून जाते. दोन्ही त्रुटी लक्षात घेऊनही, परिणाम आहे आणि तो कसा घडवला जातो यावर अवलंबून आहे, इतके म्हणायला हरकत नाही.

याहून खोल आक्षेप ऑस्ट्रेलियातले अभ्यासक अँड्र्यू ब्रूक्स यांचा आहे. त्यांच्या मते रानात चारित्र्य घडते ही कल्पनाच चुकीची. माणूस कसा वागेल हे बरेचसे परिस्थितीवर ठरते. या मताला जुना आधार आहे. १९२० च्या दशकात हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली आणि त्यांना आढळले की परीक्षेत फसवणारे मूल खेळात फसवेलच असे नाही. मग तंबूत समजूतदार वागणारी मुलगी घरी आईशी तशीच वागेल कशावरून? हान यांच्या ‘चारित्र्या’ला हा आक्षेप लागू पडतो असे मला वाटते, आणि तो मान्य करावा. पेट्झोल्ट यांच्या बाजूला मात्र तो तितकासा पोहोचत नाही. उद्याच्या कामाचा अंदाज लिहून काढणे, मागे पडलेल्याकडे वळून पाहणे, परतीची वेळ आधी ठरवणे, टीका ऐकून न चिडणे या सवयी आहेत, स्वभाव नव्हे. सवयही आपोआप शहरात येत नाही, पण तिला नाव दिले आणि ती वीस वेळा केली, तर दुसऱ्या जागी ती आठवण्याची शक्यता वाढते. म्हणून ते संध्याकाळचे बोलणे गाळून चालत नाही.

तिसरा आक्षेप मेंदूशास्त्राचा, आणि पालकांना तो लगेच पटतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये दाखवले की गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात किशोरवयीन मुले एकटी असताना जितका धोका पत्करतात, त्यापेक्षा मित्र बघत असताना कितीतरी अधिक पत्करतात. मोठ्यांत तसा फरक पडत नाही. अशा मुलांना एकत्र करून त्यांच्यावरच डोंगर सोपवायचा? स्टाइनबर्ग यांचेच पुढचे म्हणणे इथे उपयोगी पडते. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्यात सोळा वर्षांचे मूल जवळजवळ मोठ्यांइतके सक्षम असते; तापलेल्या क्षणी, बरोबरीच्यांसमोर, ते घसरते. आता संध्याकाळच्या त्या लिखित आराखड्याकडे पुन्हा पाहा. खिंडीखाली उभे राहून, ढग जमत असताना, मित्रांच्या देखत घ्यावा लागणारा निर्णय त्या कागदाने आदल्या संध्याकाळी, पोट भरलेले असताना घेतलेला असतो. ‘अकरापर्यंत वर नसलो तर परत’ असे लिहिले असेल, तर अकराला वाद कमी होतो. कोणी मेंदूशास्त्र वाचून ही पद्धत बसवली नाही, पण ती त्या वयाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बसली आहे.

धोक्याचे काय? जुलै २०११ मध्ये अलास्कातल्या टॉकीटना पर्वतात नोल्सच्या मोहिमेतली सोळा ते अठरा वयाची सात मुले, प्रशिक्षकांशिवायच्या टप्प्यात, ओढ्याकाठून चालली होती. पिलाबरोबरच्या ग्रिझली अस्वलिणीने हल्ला केला. चौघे जखमी झाले, दोघांची स्थिती गंभीर. बाकीच्या मुलांनी आपत्कालीन संदेशयंत्र सुरू केले, जखमांवर उपचार केले, तंबू उभारून जखमींना उबेत ठेवले आणि काही तासांनी हेलिकॉप्टर येईपर्यंत सगळ्यांना जिवंत ठेवले. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येते. मुलांनी जे केले ते महिनाभराच्या शिकवणीचे फळ होते. पण प्रशिक्षक असते तर ती त्या वेळी तिथे असती का, हा प्रश्नही खराच. याच्या शेजारी २२ मार्च १९९३ ची इंग्लंडच्या लाइम बे मधली घटना ठेवावी. तिथे प्रशिक्षक बरोबर होते, तरी समुद्रात कयाकमधून नेलेल्या आठ विद्यार्थ्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. प्रशिक्षकांची तयारी अपुरी होती आणि त्या केंद्राला आधीच्या कर्मचाऱ्यांनी धोक्याची लेखी सूचना दिली होती. कंपनी आणि तिचा संचालक दोषी ठरले आणि १९९५ मध्ये ब्रिटनने अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला. मोठे माणूस शेजारी उभे असणे ही सुरक्षा नव्हे, हे लाइम बे सांगते. मुलांवर सोपवण्याआधी जे शिकवलेले असते ती सुरक्षा, आणि तिलाही मर्यादा असतात, हे अलास्का सांगते. धोका शून्य करू असे म्हणणारा आयोजक एक तर खोटे बोलतो किंवा निर्णयच काढून घेतो.

पैशाचा प्रश्न यापेक्षा मला अवघड वाटतो. महिनाभराची अशी मोहीम काही हजार डॉलरची असते. शिष्यवृत्त्या आहेत, तरी अमेरिकेतही रानात जाणारी मुले दीर्घकाळ बहुतांशी गोरी आणि सुखवस्तू राहिली. नोल्सने २०१३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी गिर्यारोहकांची तुकडी डेनाली पर्वतावर नेली, ती हे चित्र बदलावे म्हणूनच. शिखर हाताशी आले असताना वादळामुळे ती तुकडी माघारी फिरली. प्रसिद्धीच्या दृष्टीने हा तोटा. शाळा जे शिकवते त्याचा मात्र याहून चांगला नमुना शोधून सापडला नसता.

महाराष्ट्रात डोंगराची ओढ कमी नाही. गिरिविहार, गिरिप्रेमी अशा संस्थांनी अनेक दशके माणसे घडवली आणि साहसी उपक्रमांसाठी शासनाने २०१८ आणि २०२१ मध्ये नियमांची चौकट आखली. पण उन्हाळ्यात बारावीनंतरच्या मुलांना जे मिळते ते बहुतेक ठरलेल्या कॅम्पवरून ठरलेल्या कॅम्पवर सरकणारे हिमालयी ट्रेक. चहा तयार, भाजी-पोळी तयार, वाट दाखवणारा पुढे. डोंगर आवडू लागण्यासाठी ते उत्तम आहेत. ठरवायला मात्र त्यात काहीच उरत नाही. मे महिन्यात सह्याद्री तापलेला असतो, बहुतेक गडांवरची टाकी आटलेली असतात, त्यामुळे इथे तीस दिवसांची मोहीम काढा असे मी म्हणणार नाही. पण हिवाळ्यात चार दिवस हरिश्चंद्रगड परिसरात काढायचे असतील, तर खिरेश्वरहून टोलार खिंडीने जायचे की पाचनईहून, नळीची वाट आपल्या गटासाठी का नाही, पाणी कुठे भरायचे, शिधा किती, हे सतरा वर्षांच्या मुलांनी ठरवून लिहावे आणि मोठ्यांनी मागून चालावे, याला हिमालय लागत नाही. लीडर रोज बदलावा. आणि रात्री बसून बोलावे, गाण्यांच्या भेंड्या त्यानंतर.

एक आक्षेप आपल्याच मातीतून येतो. ऊसतोडीला आईवडील गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी बीडकडची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी रोज निर्णय घेते, परिणाम भोगते, पीठ पुरवते. तिला नेतृत्वाची मोहीम कशाला? प्रश्न रास्त आहे. शहरी मुलांपुढे निर्णय नाहीत म्हणून ते कृत्रिमपणे उभे करावे लागतात. तिच्यापुढे ते ढिगाने आहेत. तिच्याकडे नाही ते दुसरे काही: चूक करण्याची मोकळीक आणि तिने काय केले ते नेमक्या शब्दांत तिला सांगणारे माणूस. म्हणून शिष्यवृत्तीच्या जागा उपकार म्हणून ठेवू नयेत. ती गटात असेल तर गटालाच जास्त शिकायला मिळते. पहिल्या संध्याकाळी दहा दिवसांच्या शिध्याची वाटणी करायला बसल्यावर, पुण्या-मुंबईच्या मुलांत आणि तिच्यात कोणाचा हिशोब दहाव्या दिवसापर्यंत टिकेल, याबद्दल मला फारशी शंका नाही.